निरुपयोगी म्हणजे काय?

शासकीय सेवेत असताना आमच्यापुढे वेळोवेळी एक यादी येत असे. मोडक्या खुर्च्या, बंद पडलेली टंकलेखन यंत्रे, गंजलेली कपाटे. मध्य प्रदेशातील कारभार हिंदीत. तेव्हा प्रत्येक नगापुढे 'अनुपयोगी' असा शेरा असे. खाली आमची सही झाली की त्या वस्तूचा निकाल लागे. मग लिलाव आणि वजनकाटा. एखाद्या वस्तूला निरुपयोगी ठरविताना आपण नेमके काय करतो, हा प्रश्न त्या काळी मनात आला नाही. तो निवृत्तीनंतर आला, अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या कन्येने पाठविलेल्या एका छायाचित्रामुळे.

छायाचित्र होते विस्कॉन्सिन राज्यातील 'फॉरेव्हरट्रॉन' या शिल्पाचे. त्याचे कर्ते टॉम एव्हरी (1938–2020) यांचा व्यवसाय जुने कारखाने पाडण्याचा. उमेदीची वर्षे मोडतोडीत घालविल्यावर 1980 च्या दशकात त्यांनी ते काम सोडले आणि साठविलेल्या यंत्रभागांतून हे शिल्प उभारावयास घेतले. सुमारे 300 टन वजनाच्या आणि 50 फूट उंचीच्या या रचनेमागे एक कल्पित कथा आहे. डॉ. एव्हरमोर नावाचा एकोणिसाव्या शतकातील संशोधक तांब्याच्या अंड्यातील काचेच्या गोलात बसून, विजेच्या आणि चुंबकाच्या शक्तीने, आकाश भेदून स्वर्गलोकी जाणार आहे. शिल्पात जुने डायनामो आहेत, अपोलो मोहिमांच्या काळातील निर्जंतुकीकरण कक्षही आहे. उड्डाणावर विश्वास नसणाऱ्यांनी खात्री करून घ्यावी म्हणून एक प्रचंड दुर्बीणही उभी केली आहे! सभोवती वाद्यांच्या तुकड्यांतून घडलेले, या पृथ्वीवर कोठेही न आढळणारे पक्षी आहेत.

अंतराळाची आणि तेथील अनोळखी जीवांची कल्पना भंगारातून इतकी सहज का साकारते? आमच्या मते कारण असे. परग्रहावरून कोणी पाहुणा आला, तर दातेरी चाक कशासाठी असते हे त्याला ठाऊक नसणार. त्याला दिसेल तो केवळ घाट, धातूची झाक, दात्यांची लय. वस्तूचा उपयोग ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती निरुपयोगी वाटू शकते. आपण तिच्याकडून जी अपेक्षा धरलेली असते ती संपली, की आपण तिला भंगार म्हणतो. शिल्पकार ती अपेक्षाच बाजूस ठेवतो. परग्रहवासी घडविण्यापूर्वी तो परग्रहवासीयाचा डोळा उसना घेतो.

येथे एक आक्षेप संभवतो. भंगाराची शिल्पे होतात, म्हणून भंगार वाढविण्यास आपण मोकळे झालो काय? मुळीच नाही. जगात रोज टाकल्या जाणाऱ्या वस्तूंपुढे शिल्पात गेलेल्या वस्तू मूठभरच. शिवाय परका डोळा निर्मळ असला तरी तो विस्मरणशील आहे. लोखंड कोणी खणले, यंत्रावर कोणाचे हात राबले, हे त्याला दिसत नाही. म्हणून विवेकाला दोन्ही डोळे हवेत: वस्तूकडे नव्याने पाहणारा परक्याचा, आणि तिचा इतिहास न विसरणारा घरच्याचा. एव्हरींनी यंत्रभागांचे मूळ रूप शक्यतो बदलले नाही. तेथे डायनामो डायनामोच राहिला आणि तरीही आकाशयानाचा भाग झाला.

हे लिहिताना एक शल्य सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या पणजीने साताऱ्याहून इंदुरास येताना तांब्याचे घंगाळ आणले होते. नव्या घरात गीझर बसला, घंगाळ अडगळ ठरले, आणि आम्ही ते वजनावर विकावयास काढले. भंगारवाला यायच्या आधी आईने ते चिंच लावून लखलखीत घासले. "मोडीत द्यायची वस्तू कशाला घासतेस?" असे आम्ही विचारले. ती काही बोलली नाही.

तांब्याच्या त्या अंड्याचे छायाचित्र पाहताना ते घंगाळ आम्हांस आठवले. वाचकांच्या माळ्यावरही अशी एखादी वस्तू असेल. तिच्यापुढे शेरा मारण्यापूर्वी ती एकदा खाली काढून घासून पाहावी, इतकेच सुचवितो. आमच्या त्या व्यवहाराला यादी नव्हती, शेरा नव्हता. तरी सही आमचीच होती.