घाव घालणाऱ्याची सावली

पुण्यात पावसाळ्याआधी आमची फांद्या छाटायची कामं निघतात. दुपारी डबा खायला त्याच झाडाखाली बसतो. ज्ञानेश्वरीच्या 12व्या अध्यायात म्हटलंय, तोडणारा आणि लावणारा, दोघांना झाड सारखीच सावली देतं. ते झाडाचं मोठेपण. माझा हिशोब त्यानं मिटत नाही. झाडं जपण्याच्या 1975च्या कायद्याची परवानगी हातात असली, तरी मनाला ती पुरत नाही. हाताखालच्या पोरांना बजावतो, आधी खालून काप घ्या, मग वरून. नाहीतर फांदी तुटताना खोडाची साल सोलून नेते. फांदीच्या बुडाशी फुगीर कडं असतं, ते राखा. जखम तिथूनच भरते. पोखरलेला गुलमोहर रस्त्यावर झुकला तर मी पाडतो, त्यात पाप मानत नाही. पार्किंगसाठी धडधाकट कडुलिंब पाडायला सांगितला, तर परवानगी असूनही नाही म्हणतो.