न पाहता काढलेली रेषा

कागदाकडे न पाहता, नजर वस्तूच्या कडेवरून सावकाश फिरवत एकाच सलग रेषेत चित्र काढण्याचा सराव अमेरिकी कलाशिक्षक किमॉन निकोलायडीस यांच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे दूरवर पोचला. डोळा सरकेल तेवढीच पेन्सिल सरकते. बोटे वाकडी येतात, नाक गालावर जाते. पण या रेषेतला जिवंतपणा घोटीव रेखाटनात क्वचितच सापडतो, म्हणून ती खोडायची नसते. अशी दोन-तीन रेखाटने एकमेकांवर उतरवली की मिश्र माध्यमातील चित्राचा सांगाडा तयार होतो. आधी वर्तमानपत्राचे किंवा पतंगी कागदाचे तुकडे चिकटवून वाळवावेत. मग रेषा मेणखडूने गिरवून वर पातळ जलरंग पसरावा. मेण पाणी धरत नाही, त्यामुळे रेषा रंगातून उजळ वर येते. शेवटी एखादी कड सुईदोऱ्याने शिवता येते.