प्रतीचा अधिकार

कारंजा लाडला बसून मी शाळांच्या एका सॉफ्टवेअर मंचाची देखभाल करतो. त्यावर सामायिक कॅशे आणि प्रॉक्सी बसवायचे ठरले. काम सरळ आहे: वर्गभर मुलांनी तोच धडा मागितला तर दूरच्या मूळ सर्व्हरकडे एकदाच जायचे, बाकीच्यांना जवळची प्रत द्यायची. स्क्विड हे प्रॉक्सी सॉफ्टवेअर 1996 पासून हेच करते.

मी अडलो ते दुसरीकडेच. मुळाच्या नावाने उत्तर द्यायचा प्रतीला अधिकार कुठून येतो?

आमचे गाव या प्रश्नात मुरलेले. दत्त संप्रदायातल्या नृसिंह सरस्वतींचा जन्म इथला; भक्त डोके टेकतात ते त्यांच्या गाणगापूरच्या निर्गुण पादुकांवर, आणि हे दर्शन उसने आहे असे कुणी म्हणत नाही. इथल्या जैन मंदिरांतल्या शास्त्रभांडारांत तर नकला जपणे हाच धर्म. पोथी नकलून देणे म्हणजे शास्त्रदान. अभ्यासक हिरालाल जैनांनी 1930 च्या दशकात इथले अपभ्रंश ग्रंथ उजेडात आणले, ते अशा हस्तलिखितांवरून.

पण पोथी लिहिणाऱ्याला कर्त्याकडे परत जाता येत नसे, म्हणून पाठभेद साचले. प्रॉक्सीला जाता येते. प्रतीची मुदत संपली की तो मूळ सर्व्हरला विचारतो, बदलले का? 304, म्हणजे ‘बदल नाही’, असे उत्तर आले की जुनीच प्रत पुन्हा ताजी. मला ही नम्रता आवडते.

एखाद्या मुलीचे गुणपत्रक मात्र मी सामायिक कॅशेत शिरूच दिले नाही; तिथे ‘प्रायव्हेट’ची खूण. निकालाच्या पानाला मुदत एक मिनिट, धड्यांना आठवडा. अभंगांच्या धड्याला वर्षभर द्यावी का, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.