सुटी कोणाची ?

रुग्णालयांतून रोग्यास घरीं पाठविण्याला आपल्याकडे "सुटी देणें" असें म्हणतात. जखम भरली, ताप उतरला, म्हणजे डॉक्टर सुटी देतात आणि घरचीं माणसें आनंदानें गाठोडें बांधूं लागतात. परंतु जिचें मोडलेलें हाड सांधलें, पण स्मृति मात्र विसकटलेलीच राहिली, अशा वृद्धेच्या बाबतींत ही सुटी नेमकी कोणास मिळते ? खाटेस मिळते, हें उघड आहे. आपण कोठें होतों व कोठें चाललों, हेंच जिला उमगत नाहीं, तिला सुटी मिळाली असें म्हणणें कठीण. आणि घरांतील एका व्यक्तीची सुटी तर त्याच क्षणीं संपते.

"साठी बुद्धि नाठी" असें म्हणून आपण या विकाराची पिढ्यान्‌पिढ्या थट्टा केली. १९०६ सालीं आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्यानें अशा एका स्त्रीच्या मेंदूंत झालेले फेरफार विद्वानांपुढें मांडले. तेव्हांपासून हा केवळ म्हातारचळ नसून मेंदूचा रोग आहे, हें हळूहळू पटत आलें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अखिल भारतीय पाहणीनें साठीपुढील शंभरांत सुमारें सात जणांस स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज केला आहे. आणि हें प्रमाण शहरांपेक्षां खेड्यांत अधिक आढळलें.

तेव्हां हा प्रश्न आपण गेवराईच्या वेशींत उभे राहूनच विचारूं. गोदेकांठच्या या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारों जोडपीं ऊसतोडीस निघतात. नवराबायको मिळून एक "कोयता". मुकादमाची उचल आधींच घेतलेली आणि बहुधा खर्चूनही गेलेली. अशा वेळीं सासू पडते, रुग्णालयांत जाते, आणि कारखान्याच्या गाड्या निघावयाच्या सुमारास तिला सुटी मिळते. सुनेनें मागें राहावें तर कोयता अर्धा होतो, उचल मात्र पुरी फेडावी लागते. सर्वांनीं निघावें तर चूल पेटती ठेवून विसरणारी, रात्रीं उठून माहेरची वाट शोधणारी ती वृद्धा शाळकरी नातीच्या स्वाधीन होते. कागदावर सही करतो मुलगा; त्या सहीचा भार वाहते सून किंवा नात. आणि त्या दोघींस कोणीं कांहीं विचारलेलें नसतें.

यावर कोणी म्हणेल, आईबापांची सेवा हा धर्मच. त्यांत विचारावयाचें काय? आम्हांसही तो धर्म मान्य आहे. पण मातृऋण आहे मुलाचें आणि वसुली होते सुनेकडून, हा कोणता न्याय ? जें कर्तव्य एकानें पत्करावें आणि दुसऱ्यानें निमूटपणें पार पाडावें, त्यास कर्तव्य न म्हणतां वेठ म्हणणेंच अधिक यथार्थ होय.

तर मग वृद्धेस रुग्णालयांतच ठेवावें, असें आमचें म्हणणें आहे काय ? मुळींच नाहीं. अनोळखी खाट, रात्रभर जळणारे दिवे, क्षणोक्षणीं बदलणारे चेहरे यांनीं असें मन अधिकच गोंधळतें. परिचित अंगण आणि परिचित हाक हींच त्याचीं औषधें. घरींच न्यावें, हें पुष्कळदां खरें. परंतु घर म्हणजे चार भिंती नव्हेत. घरीं कोण आहे, हें पाहिल्यावांचून "घरीं न्या" या शब्दांस अर्थ उरत नाहीं.

कायद्यास हें थोडेंबहुत उमगलें आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मानसोपचाराच्या संस्थेतून रोग्यास घरीं धाडतांना खुद्द रोग्याशीं, आणि तो ज्यांच्यापाशीं राहावयाचा त्या कुटुंबीयांशीं किंवा काळजीवाहकांशीं विचारविनिमय करण्यास सांगितलें आहे. हाड सांधणाऱ्या रुग्णालयानेंही हाच शिरस्ता कां पाळूं नये ? उलट २००७ च्या कायद्यानें वृद्धास कायमचें टाकून देण्याच्या हेतूनें कोठेंही सोडून जाणें दंडनीय ठरविलें : तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. तेंही योग्यच. पण टाकणारा निराळा आणि ज्यास पेलत नाहीं तो निराळा. "मला हें एकटीला झेपणार नाहीं" असें म्हणणारी सून निर्दय नव्हे. घरांतील सर्वांत प्रामाणिक व्यक्ति कदाचित् तीच असेल. तिचें बोलणें पाप ठरविलें, कीं ती गप्प बसते. आणि त्या मौनाची किंमत अखेर वृद्धेसच मोजावी लागते.

म्हणून सहीपूर्वीं तीन प्रश्न विचारले जावेत. रात्रीं हिच्याजवळ कोण निजणार ? त्या व्यक्तीस विसांवा कोण देणार ? आणि तिचें बळ सरलें, तर कोणाचें दार ठोठवावयाचें ? उत्तरें देणें एकट्या कुटुंबाच्या आवांक्यांतलें नाहीं. गाव, मुकादम, कारखाना, सरकार या साऱ्यांस त्यांत वांटा उचलावा लागेल. विचारणें मात्र आजच आपल्या हातीं आहे.

आणि विचारतांना त्या वृद्धेसही वगळूं नये. तिला आजचा वार सांगतां येणार नाहीं. पण कोणाच्या हातचा घास ती निर्धास्तपणें गिळते आणि कोणाच्या हाताला बिचकते, हें पाहणाऱ्यास दिसतें. तेंही एक मतच होय. तें ऐकून मग सुटी घ्यावी.