चोरीच्या साधनावर चिपची विद्या?

फेब्रुवारी २०२५ मधल्या भोपाळच्या गुंतवणूकदार परिषदेच्या तोंडावर मध्य प्रदेशाने सेमीकंडक्टर धोरण आणले. चिप डिझाइनच्या नोकऱ्यांची चर्चा आता इथल्या मराठी घरांतही होते. पण ही विद्या शिकायची कोणत्या साधनावर, हा प्रश्न मात्र कोणी उघडपणे बोलत नाही.

उद्योगात सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्स यांच्या सॉफ्टवेअरची चलती आहे. त्यांचे परवाने एकट्या विद्यार्थ्याला परवडत नाहीत. मग पेन ड्राइव्हवरून ‘क्रॅक’ केलेली प्रत हातोहात फिरते आणि ‘शिकायलाच तर हवंय’ म्हणत मोठी माणसेही कानाडोळा करतात. उद्या याच मुलाचे डिझाइन कोणी असेच उचलले, तर त्याने तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

गरिबीची सबब इथे टिकत नाही. डिझाइन चालवून पाहण्याचे इकारस व्हेरिलॉग आणि त्याचे आलेख दाखवणारे जीटीकेवेव्ह ही साधने मोफत मिळतात, जुन्या लॅपटॉपवरही चालतात. रीसेट न देता एक साधा काउंटर लिहून पाहा. क्लॉकचे कितीही ठोके पडोत, आउटपुटच्या रेषेवर लाल ‘एक्स’, म्हणजे अज्ञात मूल्य, हटत नाही, कारण अज्ञातात एक मिळवला तरी उत्तर अज्ञातच राहते. लाखो रुपयांचा परवानाही याहून वेगळा धडा देत नाही.

शिवाय महाग साधन म्हणजे निर्दोष काम, असेही नाही. इंटेलच्या पेंटियममधली भागाकाराची चूक १९९४ साली थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाने चव्हाट्यावर आणली. भागाकारासाठी चिपमध्ये साठवलेल्या तक्त्यातल्या काही गाळलेल्या नोंदी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरना पडल्या. तिथे काय साधनांची वानवा होती? तपासणी कमी पडली होती.

नोकरीसाठी मोठी साधने हाताळावी लागतात, हे खरेच. त्यासाठी ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेत सी-डॅकचे चिपइन केंद्र ती संस्थांना रीतसर उपलब्ध करून देते. मुंबईच्या आयआयटीने तर ‘अजित’ या आपल्या प्रोसेसरसाठी ‘अहिर’ हे स्वतःचेच साधन वापरले.

म्हणून कॉलेजांनी प्रयोगशाळेतून क्रॅक प्रती हद्दपार कराव्यात. विद्यार्थ्याला घरी उजळ माथ्याने वापरता येईल अशा साधनावर पाया घालावा. आणि गुण देताना डिझाइन चालले एवढ्यावर न थांबता, ते कुठे मोडते हे शोधणाऱ्या टेस्टबेंचला, म्हणजे चाचणीच्या कोडला, निम्मे गुण द्यावेत. आपल्याच कामावर संशय घ्यायला शिकलेला इंजिनिअर कुठल्याही साधनावर भरवशाचा ठरेल.