पहिल्या दोन हजारांचे मोल

बँकेकडून मिळणाऱ्या कर्जांत क्रेडिट कार्डाची थकबाकी सर्वांत महाग, आणि मिळायला सर्वांत सोपी. तिच्यासाठी तारण लागत नाही, अर्ज करावा लागत नाही. बिल पूर्ण भरले नाही की ते कर्ज आपोआप सुरू होते. बहुतेक कार्डांवर महिन्याला 3 ते 3.75 टक्के, म्हणजे वर्षाला 36 ते 45 टक्के व्याज लागते. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी असतो. शिवाय थकबाकी पुढे गेली की व्याजमुक्त मुदतही जाते आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चढू लागते.

या दराला कायद्याचा लगाम नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकरी ऋणकोकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही; बँका मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. कार्डावरचे व्याज 30 टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने 2008 मध्ये दिला होता. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यामुळे दर ठरवणे ऋणकोच्या हातात नाही. त्याच्या हातात उरते ती फेडीची गती, आणि ती महिन्याच्या अंदाजपत्रकातून ठरते.

या गतीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, थकबाकी 80,000 रुपये, व्याज महिन्याला 3.5 टक्के आणि कार्डावरची नवी खरेदी पूर्ण बंद. पहिल्या महिन्याचे व्याज 2,800 रुपये आणि त्यावरचा जीएसटी 504 रुपये, असे 3,304 रुपये होतात. बिलावर ‘एकूण देय’ रकमेच्या शेजारच्या चौकटीत ‘किमान देय’ रक्कम छापलेली असते. ती बहुधा थकबाकीच्या 5 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे इथे 4,000 रुपये. तेवढेच भरले तर मुद्दल कमी होते फक्त 696 रुपयांनी. दरमहा 4,000 रुपये नेमाने भरत राहिल्यास कर्ज फिटायला 43 महिन्यांहून अधिक काळ लागतो आणि एकूण सुमारे 1,72,800 रुपये जातात. किमान रक्कम थकबाकीबरोबर घटत जाते. तिच्यामागे जाऊन हप्ताही कमी करत गेल्यास मुदत याहून कितीतरी लांबते.

हप्ता 6,000 रुपये केला, तर तेच कर्ज सुमारे 20 महिन्यांत फिटते आणि एकूण 1,18,600 रुपयांच्या आसपास जातात. 8,000 रुपये भरले तर 13-14 महिने आणि सुमारे 1,05,300 रुपये. म्हणजे पहिल्या वाढीव दोन हजारांनी 54,000 रुपये वाचतात, पुढच्या दोन हजारांनी साधारण 13,000. अंदाजपत्रकाचे उद्दिष्ट या फरकातून ठरते. कर्ज फेडायचे म्हणून घराने सगळी मौज सोडून द्यावी असे नाही. किमान रकमेच्या वर मध्यम आकाराची एक रक्कम शोधावी आणि ती एकही महिना चुकू देऊ नये, एवढे पुरते. तीन महिने उपास आणि चौथ्या महिन्यात पुन्हा कार्ड, या क्रमापेक्षा वीस महिने टिकणारे सहा हजार श्रेष्ठ.

ही रक्कम शोधताना पहिली अडचण येते ती वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांची. पुण्यात भाड्याने राहणारे, महिन्याला 52,000 रुपये हातात येणारे एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. भाडे 14,000, दुचाकीचा हप्ता 3,200, गावी आईवडिलांना 3,000, वीज-गॅस-फोन 3,500, किराणा-दूध-भाजी 12,500, येणेजाणे 3,500 आणि बाहेरचे खाणे व ऑनलाइन खरेदी मिळून 4,000. बेरीज 43,700. कागदावर 8,300 रुपये शिल्लक दिसतात. पण जूनमधली शाळेची फी 36,000, दुचाकीचा विमा 2,400, गणपतीला गावी जाणे 9,000, दिवाळी 15,000 आणि लग्नामुंजीचे आहेर 6,000 असे वर्षाचे 68,400 रुपये या यादीत आलेलेच नाहीत. त्यांचा महिन्याचा वाटा 5,700. तो वजा केल्यावर खरी शिल्लक राहते 2,600, आणि कार्डाची किमान रक्कमच 4,000 आहे.

दर महिन्याची ही 1,400 रुपयांची तूट जून आणि ऑक्टोबरमध्ये एकदम अंगावर येते, तेव्हा ‘अचानक खर्च निघाला’ असे म्हटले जाते. वास्तविक शाळा दर जूनमध्ये उघडते आणि दिवाळीची तारीख वर्षभर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात असते. खर्च अटळ होता, त्याची तरतूद तेवढी नव्हती. म्हणून अंदाजपत्रकाची सुरुवात महिन्याच्या यादीने न करता वर्षाच्या यादीने करावी. तिचा बारावा हिस्सा पगाराच्या दिवशीच वेगळ्या बचत खात्यात किंवा आवर्ती ठेवीत टाकला, तर अशा खर्चासाठी कार्ड काढावे लागत नाही. ही यादी वर्षाच्या मध्यात सुरू होत असेल, तर जो खर्च सर्वांत जवळ आला आहे त्याची तरतूद आधी करावी लागते.

दुसरी अडचण उत्स्फूर्त खरेदीची. तिचे खापर बहुधा मनाच्या दुबळेपणावर फोडले जाते. पण खर्चाचा हात किती सैल सुटतो हे बऱ्याच अंशी पैसे देण्याच्या पद्धतीवरही ठरते. अमेरिकेतील एमआयटीचे द्राझेन प्रेलेच आणि डंकन सिमेस्टर यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली मागवली होती. काहींना पैसे रोखीने द्यायचे होते, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. तिकिटे तीच होती. पैसे हातातून जातानाची बोच तेवढी कमी झाली होती. दुकाने आणि ॲप ही बोच आणखी कमी करत नेतात: कार्डाचा क्रमांक साठवलेला, पत्ता भरलेला, सवलतीची मुदत आज रात्री संपणारी.

‘नो-कॉस्ट ईएमआय’ हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते आणि कार्डावरच्या अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या आडून वसूल होते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच स्पष्ट केले होते. आजच्या योजनांत व्याजाएवढी सूट किमतीत दाखवली जाते. व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बहुधा ग्राहकाच्या माथी येते. पण याहून मोठा धोका वेगळाच आहे. 24,000 रुपयांचा फोन ‘महिन्याला दोन हजार’ असा दिसू लागतो. कर्ज लवकर फेडायला जे दोन हजार शोधायचे असतात, ते पुढच्या बारा महिन्यांसाठी आधीच विकले जातात.

उपायही म्हणून निश्चयापेक्षा व्यवस्थेत शोधावा लागतो. ॲपमधून साठवलेले कार्ड काढून टाकणे, कार्डाची ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा बँकेच्या ॲपमधून खाली आणणे किंवा ती सुविधाच बंद ठेवणे, विक्रीच्या सूचना थांबवणे, या सगळ्यामुळे इच्छा आणि खरेदी यांच्यामध्ये थोडा वेळ जातो. हवी वाटलेली वस्तू तारखेसह लिहून ठेवावी आणि आठवडाभराने यादी पुन्हा वाचावी; पुष्कळ वस्तू आपोआप गळतात. किरकोळ खर्चाची ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून यूपीआय त्याच खात्याला जोडले, तर खाते रिकामे झाले की खर्च थांबतो. स्वयंपाकघरातल्या डब्यांत दुधाचे, भाजीचे, भिशीचे पैसे वेगळे ठेवणाऱ्या गृहिणी हेच करत आल्या. पैशांवर असा मनातल्या मनात शिक्का मारण्याच्या सवयीचा अर्थशास्त्रीय अभ्यास रिचर्ड थेलर यांनी केला. त्यांना 2017 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मौजेची रक्कम शून्यावर मात्र आणू नये. जे अंदाजपत्रक चहाच्या कपालाही गुन्हा ठरवते, ते दुसऱ्या महिन्यात गुंडाळले जाते.

वरच्या कुटुंबाला 2,600 वरून 6,000 रुपयांवर यायला 3,400 रुपये लागतात. बाहेरचे खाणे आणि ऑनलाइन खरेदी 4,000 वरून 2,000 वर आली तरी 1,400 उरतात. दिवाळीत 6,000 आणि आहेर व गावच्या फेरीत 3,600 कमी केले, तर महिन्याला 800 सुटतात. उरलेले 600 किराणा, फोन आणि येण्याजाण्यातून काढावे लागतात. उत्स्फूर्त खरेदीला आवर घातल्याने अर्ध्याहून थोडे जास्त काम होते, सगळे नाही. आहेरापाकिटाची रक्कम कमी करणे हॉटेल टाळण्यापेक्षा अवघड असते, कारण तिथे नातलगांत पत जाण्याची भीती असते. म्हणून हा हिशेब घरातल्या सर्व कमावत्या आणि खर्च करणाऱ्या माणसांनी एकत्र बसून करावा लागतो.

वाचलेले पैसे कर्जात आपोआप जात नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते. महिनाअखेर जे उरेल ते कार्डात भरू, असे ठरवले की बहुधा काही उरत नाही. पगार जमा झाला की दुसऱ्याच दिवशी 6,000 रुपये कार्डाच्या खात्यात गेले पाहिजेत. पुढचा महिना राहिलेल्या पैशांत चालवायचा. कार्डाच्या थकबाकीचे व्याज रोजच्या शिलकीवर धरले जात असल्याने लवकर भरण्याचा थोडा आर्थिक लाभही होतो.

कर्जे अनेक असतील, तर सगळ्यांचे किमान हप्ते भरून वरची रक्कम सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जात घालणे गणिताने योग्य. सर्वांत लहान कर्ज आधी मिटवण्याने हुरूप येतो हे खरे. पण दरांत 40 आणि 12 इतके अंतर असेल, तेव्हा तो हुरूप महागात पडतो. दर जवळपास सारखे असतील तर लहान कर्ज आधी संपवायला हरकत नाही. महाग कर्ज स्वस्तात बदलून घेणे हाही एक मार्ग आहे. वरचेच 80,000 रुपये 15 टक्के दराच्या वैयक्तिक कर्जाने दोन वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारे 3,880 रुपये येतो आणि एकूण व्याज साधारण 13,000 रुपये. प्रक्रिया शुल्क धरूनही हा सौदा चांगला, पण रिकामे झालेले कार्ड पुन्हा भरले नाही तरच. नाहीतर एकाची दोन कर्जे होतात. कर्ज बदलताना कार्डाची मर्यादा कमी करून घेणे हा व्यवहाराचाच भाग मानावा.

फेड चालू असताना आठ-दहा हजारांची गंगाजळी बाजूला असावी. बचत खात्यातले तुटपुंजे व्याज आणि कार्डाचे 42 टक्के पाहता हे तोट्याचे वाटते; पण दवाखान्याच्या एका बिलाने कार्ड पुन्हा बाहेर निघत असेल, तर तो तोटा सोसणे योग्य. दिवाळीच्या बोनसमधून आधी ही गंगाजळी भरावी आणि उरलेले कर्जात घालावे.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. भाडे, अन्न, फी आणि औषध यांतच उत्पन्न संपत असेल, तर हॉटेल टाळून कर्ज फिटत नाही, आणि तिथे काटकसरीचा उपदेश करणे अन्यायाचे ठरते. अशा वेळी हप्ता चुकण्याच्या आधीच बँकेशी बोलून थकबाकीचे हप्ते बांधून घेणे, उत्पन्न वाढवणे किंवा एखादी वस्तू विकणे हेच मार्ग उरतात. जुने कर्ज भागवायला झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडे वळणे हा मार्ग नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूचनांनुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही. हे माहीत असलेला ऋणको घाईने चुकीचे कर्ज घेत नाही.

कर्ज फिटल्यावरच्या पहिल्या महिन्याचा निर्णयही आधीच झालेला असावा. 6,000 रुपयांशिवाय घर चालवण्याची सवय तोवर झालेली असते. तीच रक्कम आता तीन-चार महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत गंगाजळीत आणि त्यानंतर दीर्घ मुदतीच्या बचतीत जावी. असे केले नाही, तर मोकळे झालेले सहा हजार नवा हप्ता शोधून काढतात आणि थकबाकी पुन्हा सुरू होते.