रविवारचे पाणी

रविवारी वाडीला पाणी द्यावे की न द्यावे, हा प्रश्न आता सहसा कोणी फादरांना विचारीत नाही. त्याचे उत्तर वाफ्यांनीच देऊन टाकले आहे. निर्मळ, गास, भुईगाव या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीचा कोरडा वारा सुटला की माती दोन दिवसांत पांढरी पडते. त्याच वेळी वालपापडी फुलावर असते आणि वांगी तोडणीला आलेली असतात. सोमवारी पहाटे बाजारात न्यावयाची भाजी रविवारी दुपारीच तोडून, निवडून, पाट्यांत भरून ठेवावी लागते. गाय तर रविवार पाळीतच नाही. धार दोन्ही वेळा काढावीच लागते.

शेतकऱ्याची ही अडचण जुनी आहे. इ.स. 321 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला, तेव्हा शहरातील न्यायालये व कारखाने बंद ठेवण्यास सांगितले, पण शेतकऱ्याला मोकळीक दिली. कारण पेरणीला योग्य असा दिवस पुन्हा येईलच असे नाही. ख्रिस्तसभेच्या 1983 च्या कायदेसंहितेतील 1247 वे कलमही उपासना, त्या दिवसाचा आनंद आणि शरीर-मनाचा विसावा यांच्या आड येणाऱ्या कामांपासून दूर राहण्यास सांगते. तेव्हा पाटाला पाणी सोडल्याने कोणी पापी ठरत नाही. आम्हाला विचारावयाचे आहे ते निराळेच. शरीर-मनाचा विसावा म्हणतात तो वाडीतल्या घरात नेमका कोणाच्या वाट्याला येतो?

अनुवादाच्या पाचव्या अध्यायातील शब्बाथाची आज्ञा एकदा सावकाश वाचावी. कोणी काम करू नये याची तेथे यादीच आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, इतर गुरेढोरे, वेशीच्या आतला उपरा. दासदासींनाही तुझ्याप्रमाणेच विसावा मिळावा, असे कारणही जोडले आहे. बैलाचे नाव आहे, परक्याचे आहे. पत्नीचे नाही. ‘तू’ या शब्दातच ती आली, असे भाष्यकार सांगतात आणि ते बरोबर असेलही. परंतु जी ‘तू’मध्ये धरली जाते, तिला कोणी वेगळे विचारीत नाही, हा आपल्या घरांतील अनुभव काही खोटा नव्हे.

थंडीतला रविवार पाहा. पहिल्या मिस्साला जाणाऱ्यांसाठी अंधारातच बंब पेटवावा लागतो. म्हाताऱ्या सासऱ्यांना कढत पाणी, खोकणाऱ्या पोराला काढा, मग चहा. मिस्साहून परतल्यावर रविवारचे खास जेवण, आणि खास जेवण म्हणजे अधिक वाटण व अधिक भांडी. दुपारी पुरुष ओट्यावर उन्हात पाठ शेकीत बसतात, मुले खेळावयास जातात आणि ती पापडी निवडावयास घेते. ‘ती बसलेलीच असते की!’ असे म्हणणाराही एखादा भेटतो. बसून केलेले काम हे काम नव्हे, असा आपला एक सोयीचा समज आहे.

2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातील रोजचा सरासरी वेळ 299 मिनिटे निघाला आणि पुरुषांचा 97. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष होते चारांत जेमतेम एक. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. तेथे समोर मालक होता, म्हणून मागणी करता आली. घरातल्या बाईने सुट्टी कोणाकडे मागावी?

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ती हे सारे प्रेमाने करते. तुम्ही तेथे हिशेब का आणता? पुष्कळ घरांत ती स्वतःही हेच म्हणेल, आणि हातातले काम काढून घेतले तर रागावेलसुद्धा. तरीही आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. प्रेमाने देतो हे देणाऱ्याने म्हणावे. घेणारा जेव्हा ते वाक्य बोलू लागतो, तेव्हा त्याने देणगीचा हक्क करून टाकलेला असतो.

लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे पाठीत वाकलेल्या एका स्त्रीला येशू शब्बाथ दिवशी बरे करतो. सभास्थानाचा अधिकारी चिडतो. त्याला उत्तर देताना येशू उपदेशाचे मोठे शब्द वापरीत नाही, गोठ्यातला दाखला देतो. शब्बाथ असला तरी तुम्ही बैलाला दाव्यातून सोडून पाण्यावर नेताच ना? ऐकणाऱ्यांतील प्रत्येकाने त्या सकाळी ते काम केलेले असावे, म्हणूनच ते वरमले. आपणही गाईला वेळेवर पाणी दाखवितो. केळीचा एक दांड कोरडा राहिला तर बेचैन होतो. हे लक्ष वाईट नाही, फक्त ते चुलीपर्यंत पोहोचत नाही.

येता रविवार वेगळा करावयाचा असेल, तर भाषणाची गरज नाही. बंब थोरल्या मुलाने पेटवावा. पापडी ओट्यावर आणून सर्वांनी मिळून निवडावी. स्वयंपाक बाप-लेकांनी करावा. पहिल्या खेपेस भात तळाला लागेल, रश्श्यात मीठ जास्त होईल, आणि ती तीनदा तरी उठून आत डोकावेल. तिला पुन्हा उन्हात बसवावे, आणि जेवताना भातावरून कोणी काही बोलावयाचे नाही, एवढे मात्र आधीच ठरवून ठेवावे.